तोडून दिलेला मुलूख : ‘सेशन’ या शब्दाची ओळख

वसई आणि तिच्या आसपासच्या मुलखासंबंधी सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत निरनिराळ्या राजसत्तांनी जे तह, करारनामे आणि शरणागतीची कलमे लिहिली, त्यांचा परामर्श पुढील पानांत घेतला आहे. मूळ दस्तऐवज निरनिराळ्या भाषांच्या दफ्तरांत विखुरलेले असल्यामुळे आजच्या वाचकाच्या हाती ते बहुधा इंग्रजी भाषांतराच्या रूपाने पडतात. आणि त्या भाषांतरांतून एक भारदस्त, नित्याच्या बोलण्यात क्वचितच येणारा शब्द पुनःपुन्हा समोर येतो. तो शब्द म्हणजे ‘सेशन’. एका राजाने अथवा राज्याने आपल्या ताब्यातील प्रदेश कराराने दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, हा त्याचा कोशगत अर्थ. परंतु कोशातील एका ओळीने ज्याचा उलगडा होतो असा हा शब्द नव्हे. त्याच्या पोटात कायद्याचा एक सिद्धांत आणि राजकारणाची एक रीत साठलेली आहे, आणि ज्यांना कधीच काही विचारले गेले नाही अशा रयतेचे मौनही त्यात आहे. म्हणून मूळ दस्तऐवजांकडे वळण्यापूर्वी या एका शब्दाची नीट ओळख करून देणे मला अगत्याचे वाटते.

देवनागरीत लिहिताच या शब्दाची एका दुसऱ्या शब्दाशी गल्लत होण्याचा संभव असतो. ‘सेशन कोर्ट’ या जोडशब्दातील सेशन आपल्या परिचयाचा आहे. तो ‘बसणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आणि न्यायासनाची बैठक असा त्याचा मूळ भाव. आपला सेशन निराळा. तो ज्या लॅटिन धातूपासून निघाला त्याचा अर्थ जाणे, मागे सरणे, वाट मोकळी करून देणे असा आहे, आणि त्याचे कित्येक आप्त मराठी माणसाच्या घरादारांत केव्हाच येऊन बसले आहेत. वडिलांच्या पश्चात बँकेतील ठेव मिळविण्यासाठी वारस जे ‘सक्सेशन सर्टिफिकेट’ काढतात ते, बाजार मंदावला म्हणजे व्यापारी ज्याच्या नावाने चिंता वाहतात ते ‘रिसेशन’, आणि संस्थानिकांनी १९४७ साली ज्यावर सह्या केल्या त्या सामीलनाम्याच्या इंग्रजी नावातील ‘ॲक्सेशन’, हे सर्व एकाच कुळातील शब्द होत. मागून येणे, मागे हटणे, जवळ येणे या साऱ्या क्रियांत गतीचा जो भाव आहे, तोच सेशनमध्ये मालकी सोडून बाजूला होण्याचा भाव होऊन राहिला आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्याने या भावाला काटेकोर रूप दिले. प्रदेश मिळविण्याचे जे मार्ग जुन्या शास्त्रकारांनी सांगितले, त्यांत बेवारस भूमीचा कब्जा, दीर्घकाळच्या वहिवाटीने येणारा हक्क, नदी-समुद्राने टाकलेल्या जमिनीची भर आणि तलवारीने केलेला विजय यांच्या पंक्तीला सेशन हा एक मार्ग बसतो. इतर मार्गांत घेणाऱ्याचा हक्क स्वतंत्रपणे उत्पन्न होतो; सेशनमध्ये मात्र तो देणाऱ्याच्या हक्कातून उतरतो. त्यामुळे देणाऱ्याजवळ जितके असेल तितकेच घेणाऱ्याला मिळते, त्याहून तसूभर अधिक नाही. पाल्मास बेटाच्या वादात न्यायाधीश माक्स ह्यूबर यांनी १९२८ साली हाच न्याय लावला: स्पेनने आपली पूर्वेकडील बेटे अमेरिकेला करारान्वये दिली खरी, परंतु जे बेट त्या वेळी स्पेनच्या हक्कात नव्हते ते स्पेनला देताही येत नव्हते, म्हणून ते हॉलंडचे ठरले. यावरून तीन प्रश्न उभे राहतात. देणारा कोण आणि त्याला देण्याचा अधिकार होता काय? त्याने नेमके काय दिले? आणि कोणत्या परिस्थितीत दिले? वसईच्या इतिहासाइतकी या तीन प्रश्नांची सांगोपांग परीक्षा घेणारा इतिहास आपल्या किनाऱ्यावर दुसरा क्वचितच सापडेल.

प्रारंभ १५३४ सालापासून करावा लागतो. त्या वर्षीच्या २३ डिसेंबर रोजी ‘साँव मातेउश’ या पोर्तुगीज जहाजावर गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कून्हा यांच्यामध्ये तह झाला, आणि त्या तहान्वये वसई, तिच्या अंमलाखालील जमिनी, बेटे व समुद्र यांसह, पोर्तुगालच्या राजाला मिळाली. मुंबईची बेटेही त्यातच आली. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईला येऊन परवाने घ्यावेत, अशीही अट त्यात होती. कागदावर हे संपूर्ण स्वेच्छेचे दान दिसते. पण आदल्याच वर्षी कून्हाने वसईवर चाल करून तेथील तटबंदी उद्ध्वस्त केली होती, आणि उत्तरेकडून हुमायूनचे संकट सुलतानाच्या दाराशी येऊन ठेपले होते. एका शत्रूला तोंड देण्यासाठी दुसऱ्याला शांत करणे सुलतानाला भाग पडले, आणि त्या शांततेची किंमत म्हणून वसई गेली. इंग्रजी ग्रंथांत या घटनेला सेशन म्हणतात ते कायद्याच्या दृष्टीने अचूक आहे. परंतु त्या शब्दाच्या स्वच्छ पृष्ठभागावर उद्ध्वस्त तटबंदीची खूण उमटत नाही, हेही तितकेच खरे.

पुढे सव्वाशे वर्षांनी याच दानाच्या पोटातून दुसरे दान निघाले. २३ जून १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्याबरोबर मुंबई बंदर व बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला देण्यात आले. मुंबई त्या काळी वसईच्या अंमलाखाली होती; वसई ही पोर्तुगिजांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी होती आणि तेथील अंमलदारांना हा व्यवहार मुळीच रुचला नव्हता. साहजिकच तंटा माजला तो शब्दावरून: बंदर आणि बेट म्हणजे किती भूमी? केवळ मुंबईचे एक बेट, की माहीम आणि साष्टीही? लिस्बन आणि लंडन येथे बसून लिहिणाऱ्यांना येथील खाड्या आणि बेटे यांची यथार्थ कल्पना नव्हती. परिणामी करारानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १८ फेब्रुवारी १६६५ रोजी, हम्फ्रे कुक याच्या हाती मुंबईचा ताबा आला, आणि हद्दीचा वाद तरीही मिटला नाही. १६६८ साली चार्ल्सने ते बेट वार्षिक दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविले. सेशनचा दस्तऐवज लिहिताना चतुःसीमा नीट न लिहिल्यास काय होते, याचा हा या किनाऱ्यावरील पहिला मोठा धडा.

१७३९ सालची घटना मात्र सेशन नव्हे, आणि हा भेद वाचकाने कटाक्षाने लक्षात ठेवला पाहिजे. चिमाजी आप्पांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात वसईचा किल्ला घेतला तो कोणाच्या दानाने नव्हे, तर १७३७ पासून चाललेल्या मोहिमेच्या आणि अखेरच्या प्राणांतिक वेढ्याच्या बळावर. किल्लेदाराने जी कलमे मान्य केली त्यांना इंग्रजीत ‘कॅपिट्युलेशन’ म्हणतात. त्यांत पोर्तुगीज शिबंदीने सन्मानाने आपल्या चीजवस्तूंसह किल्ला सोडावा आणि मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्माचरणाची मोकळीक असावी, असे ठरले. या कलमांत किल्ला देण्याची रीत ठरली. देण्याचा हक्क रणांगणावर आधीच ठरून गेला होता. शरणागतीत पराभूत आपला पराभव कबूल करतो, तर सेशनमध्ये तो आपला हक्कच दुसऱ्याच्या नावे लिहून देतो. हा भेद ओळखणारा वाचक वसईच्या विजयाचे मोल अधिक यथार्थपणे करू शकेल.

याच्या अगदी उलट टोकाला १७७५ चा सुरतेचा तह उभा आहे. बारभाईंच्या कारभाराने पदच्युत झालेले रघुनाथराव त्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि लष्करी मदतीच्या मोबदल्यात साष्टी व वसई त्यांनी इंग्रजांना लिहून दिली. ज्या क्षणी त्यांनी ही सही केली त्या क्षणी पुण्याच्या दौलतीवर त्यांचा अंमल नव्हता, वसईच्या किल्ल्यावर नव्हता, आणि साष्टी तर इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेऊन आधीच गिळली होती. देणाऱ्याला देण्याचा अधिकार असला पाहिजे, हा जो पहिला प्रश्न आपण वर मांडला, त्याचे उत्तर येथे नकारार्थी येते. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारनेही हा तह उचलून धरला नाही. १७७६ च्या पुरंदरच्या तहाने तो बाजूला सारला गेला. तथापि कागदाने न मिळालेली वसई जनरल गॉडर्डने डिसेंबर १७८० मध्ये तोफांनी मिळविली, आणि १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती पुन्हा मराठ्यांकडे आली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. सात वर्षांत एकच ठाणे लिहून दिले गेले, जिंकले गेले आणि परत केले गेले. प्रत्येक वेळी इंग्रजी दस्तऐवजातील क्रियापद बदलले.

रघुनाथरावांचे चिरंजीव दुसरे बाजीराव यांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी ज्या तहावर सही केली, त्याने तर वसईचे नाव साऱ्या हिंदुस्थानच्या इतिहासात कायमचे कोरले गेले. २५ ऑक्टोबर रोजी पुण्याजवळ हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडविल्यावर बाजीराव कोकणात उतरले आणि इंग्रजांच्या आसऱ्याने वसईस पोहोचले. तेथे कर्नल बॅरी क्लोज याच्याशी झालेल्या तहात तोफखान्यासह कमीत कमी सहा हजार पायदळाची तैनाती फौज त्यांनी पत्करली आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये वसुलाचा मुलूख कंपनीला चिरकालासाठी तोडून दिला. खुद्द वसई या यादीत नव्हती; ती पेशव्यांकडेच राहिली आणि १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने उत्तर कोकणाबरोबर इंग्रजांकडे गेली. परंतु १८०२ च्या तहातील यादी वाचताना एक गोष्ट मनाला फार लागते. मुलूख तेथे गावांनी, नद्यांनी किंवा माणसांनी मोजलेला नाही. तो वसुलाच्या रकमेने मोजलेला आहे. म्हणूनच पुढच्याच वर्षी त्यांतील काही महाल परत घेऊन त्यांच्या ऐवजी वसुलाच्याच हिशेबाने बुंदेलखंडातील मुलूख देणे दोन्ही पक्षांना सहज शक्य झाले. ज्यांचे महाल बदलले त्यांना, आपण सावकाराच्या वहीतील एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलो, याची वार्ता बहुधा नव्या अंमलदाराची स्वारी गावात आल्यावरच लागली असेल.

सेशन या शब्दाचा हाच मला सर्वांत गंभीर दोष वाटतो. त्यात देणारा आहे, घेणारा आहे, दिलेली वस्तू आहे. परंतु त्या भूमीवर राहणारा माणूस कोणत्याच विभक्तीत नाही. १५३४ मध्ये, १७३९ मध्ये, १७८० मध्ये वसईच्या आगरांत आणि वाड्यांत केळी, पानवेली आणि भात पिकविणारे वाडवळ, सामवेदी, आगरी, समुद्रावर उपजीविका करणारे कोळी आणि डोंगरपायथ्याचे वारली तेथेच होते. फक्त त्यांच्याकडून सारा घेणारा हात बदलत गेला. आपल्या माथ्यावर मारलेल्या या शब्दाचा सल लोकांना किती दीर्घकाळ टोचतो, याचे एक उदाहरण दक्षिणेत आहे. निजामाने १८०० साली बल्लारी, कडप्पा, अनंतपूर, कर्नूल हा टापू कंपनीला दिला तेव्हापासून त्याला इंग्रजीत ‘सीडेड डिस्ट्रिक्ट्स’ आणि तेलुगूत त्याचेच भाषांतर असलेले ‘दत्तमंडलम्’ हे नाव पडले. सव्वाशे वर्षांनंतर, १९२८ साली, नंद्याल येथील आंध्र महासभेच्या प्रसंगी तेथील लोकांनी ते नाव टाकले आणि विजयनगरच्या रायांची आठवण जागविणारे ‘रायलसीमा’ हे नाव स्वीकारले. कोणी तरी कोणाला दिलेली भूमी अशी आपली ओळख स्वाभिमानी लोकांना सहन होत नाही, ही गोष्ट येथे स्पष्ट दिसते.

आता दुसरा प्रश्न: नेमके काय दिले? या प्रश्नाचे सर्वांत उद्बोधक उत्तर पालघर जिल्ह्याला लागून असलेल्या दादरा आणि नगर हवेलीच्या इतिहासात मिळते, आणि ते मराठी दफ्तराच्या अभिमानाचे पान आहे. १७७९ साली पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यामध्ये जो तह झाला, त्यान्वये दमणच्या बाजूच्या काही गावांचा बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगिजांना लावून देण्यात आला आणि १७८३ व १७८५ मध्ये त्यासंबंधीच्या सनदा निघाल्या. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि सिल्वासा मुक्त झाल्यानंतर पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दमणहून या अंतर्भूत प्रदेशात जाण्याचा हक्क आपणास आहे आणि तो १७७९ पासून मिळालेल्या सार्वभौमत्वावर आधारलेला आहे, असे त्याचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश महंमदअली करीम छागला हे त्या खटल्यात भारताच्या बाजूने नेमलेले न्यायाधीश होते.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. न्यायालयाने तह वैध धरला. परंतु त्याच्या आणि सनदांच्या शब्दांवरून मराठ्यांनी पोर्तुगिजांना प्रदेशाचे स्वामित्व दिलेले नसून ठरावीक उत्पन्नाची जहागीर अथवा सरंजाम दिला होता, असा निष्कर्ष काढला. अशा मराठी देणगीचा अर्थ सार्वभौम प्रदेशाचे सेशन असा झाल्याचा एकही दाखला न्यायालयापुढे येऊ शकला नाही. मराठ्यांच्या मागून आलेल्या इंग्रजांनी तेथील पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्षात मान्य केली होती, हे न्यायालयाने नमूद केले, आणि खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता मार्गहक्कही मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्याबाबत मात्र तो नाकारला, आणि भारताने कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही असा निर्णय दिला. १९६१ च्या ऑगस्टमध्ये दादरा-नगर हवेली घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने भारतात रीतसर समाविष्ट झाली. पुण्याच्या दफ्तरातील कारकुनाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी वसूल आणि स्वामित्व यांत जो भेद राखला, तो हेगच्या न्यायासनापर्यंत टिकला. पारिभाषिक शब्द जपून वापरण्याचे महत्त्व याहून अधिक प्रभावीपणे कोणते उदाहरण सांगू शकेल?

त्याच वसंतात तिसऱ्या एका बाजूने या शब्दावर प्रकाश पडला. सप्टेंबर १९५८ च्या नेहरू-नून करारान्वये जलपैगुडी जिल्ह्यातील बेरुबारी युनियनचा अर्धा भाग पूर्व पाकिस्तानला देण्याचे ठरले, तेव्हा सरकारला असे करता येते काय, हा प्रश्न राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाकडे पाठविला. १४ मार्च १९६० रोजी न्यायालयाने दिलेले मत साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी लिहिले. प्रदेश मिळविणे आणि देणे ही सार्वभौम राष्ट्राची शक्ती आहे. परंतु भारताची भूमी परक्या राष्ट्राला द्यावयाची तर ते केवळ मंत्रिमंडळाच्या कराराने किंवा साध्या कायद्याने होणार नाही, त्यासाठी घटनाच दुरुस्त करावी लागेल, असा त्या मताचा सारांश. बहादूरशहाचा वकील जहाजावर जाऊन वसई देऊ शकला, बाजीराव एका सहीने सव्वीस लाखांचा मुलूख देऊ शकले. आज जनतेच्या प्रतिनिधींच्या विशेष बहुमतावाचून एक गावही देता येत नाही. सेशन या शब्दाच्या व्याकरणात रयतेला जी विभक्ती नव्हती, ती प्रजासत्ताकाने तिला दिली.

या शब्दाचे इतर उपयोग थोडक्यात सांगणे पुरे. विमा कंपनी आपल्या जोखमीचा काही भाग दुसऱ्या कंपनीवर सोपविते त्या व्यवहारालाही सेशन म्हणतात. काही देशांच्या दिवाणी कायद्यात येणे वसूल करण्याचा हक्क दुसऱ्याच्या नावे करून देण्यास हेच नाव आहे. आणि एकदा दिलेला प्रदेश मूळ धन्याला परत करणे म्हणजे ‘रिट्रोसेशन’.

मराठीत या शब्दासाठी एकच प्रतिशब्द ठरवावा, असा आग्रह मी धरलेला नाही. कायद्याच्या परिभाषेत ‘अध्यर्पण’ हा संस्कृतोद्भव शब्द चालतो आणि घटनात्मक चर्चेत तो योग्यही आहे. परंतु इतिहास लिहिताना आपल्या भाषेचे जुने भांडार अधिक सूक्ष्म आहे. वसूल मात्र दिला असेल तेथे ‘लावून देणे’, सेवेच्या मोबदल्यात दिला असेल तेथे ‘सरंजाम’, हक्कच संपला असेल तेथे ‘सोडून देणे’, आणि दौलतीचा अवयव वेगळा करून परक्याच्या हवाली केला असेल तेथे ‘तोडून देणे’, असे भेद मी या ग्रंथात यथाशक्ती पाळले आहेत. ‘मुलूख तोडून दिला’ या प्रयोगात इंग्रजी शब्दाला न सापडलेले एक सत्य आहे: जे तोडले जाते ते आधी जोडलेले असते, आणि तोडताना इजा होते.

आज वसई-विरार हे महानगर झाले आहे. ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका आली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि रोज लोकलने मुंबईस जाणाऱ्या लक्षावधी माणसांपैकी अनेकांना वसईचा किल्ला हे केवळ सुटीच्या दिवशी पाहण्याचे ठिकाण वाटते. त्यांना, आणि विशेषतः येथील महाविद्यालयांत शिकणाऱ्या तरुणांना, माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी मोडी लिपी शिकावी, पोर्तुगीज शिकता आली तर तीही शिकावी, आणि आपल्या भूमीविषयीचे दस्तऐवज इंग्रजी भाषांतराच्या मध्यस्थीवाचून स्वतः वाचावेत. पुणे आणि पणजी येथील दफ्तरखान्यांत जे कागद अजून वाचकाची वाट पाहत आहेत, त्यांतील प्रत्येक क्रियापद तपासून घ्यावे: येथे दिले, सोडले, लावून दिले, की जिंकले? ज्या समाजाला आपल्या भूमीच्या व्यवहारांतील क्रियापदे ओळखता येतात, त्याची भूमी कोणी त्याला न विचारता लिहून देऊ शकत नाही.